वास बाहेरचा की आपल्याच गाडीचा?

मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "कसला तरी वास येतोय का रे?" आणि स्टिअरिंगवरचा माणूस रस्त्यावरची नजर न हलवता सांगतो, "बाहेरचा असेल." लगेच गाण्याचा आवाज वाढतो आणि विषय संपतो. या उत्तराचा मला मनापासून राग आहे. ते खोटं असतं म्हणून नव्हे. बहुतेक वेळा ते खरंच असतं, आणि म्हणूनच ज्या दिवशी खरं नसतं त्या दिवशीही ते खपून जातं.

आपल्याकडचे रस्ते वासांनी भरलेले आहेत. हंगामात कराड-इस्लामपूरच्या बाजूने जा, साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प कारखाना दिसायच्या कितीतरी आधी गाठतो. ऊस तुटून गेला की शेतात पाचट पेटवतात, त्याचा धूर काचा चढवलेल्या असल्या तरी आत शिरतो. लोटे, महाड, कुरकुंभ, एमआयडीसी जवळ आली हे पाटी वाचायच्या आधी नाकाला कळतं. खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकच्या ब्रेकचे लायनर तापलेले असतात. इतकं सगळं बाहेर चाललेलं असताना गाडीतला एखादा नवा, बारीक वास त्यात मिसळून जातो आणि ज्याला तो वेगळा वाटला त्याला गप्प बसवणं सोपं होतं.

छडा लावायला मात्र फार काही करावं लागत नाही. बाहेरचा वास जागेला बांधलेला असतो, आपला वास आपल्याबरोबर प्रवास करतो. कारखाना मागे पडला, ट्रकला ओव्हरटेक केलं, दोन-तीन किलोमीटर मोकळा रस्ता मिळाला तरी वास तसाच आहे? मग तो आपला. दुसरी खूण ब्लोअरची. डॅशबोर्डवर बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटण असतं. ते दाबल्यावर वास कमी झाला तर तो रस्त्यावरून किंवा बोनेटखालून आत येतोय, कारण बाहेरची हवा बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून घेतली जाते आणि बोनेटखालचं सगळं तिथे हाताशीच असतं. बटण दाबल्यावर वास वाढला, तर उगम केबिनमध्येच शोधायचा.

हे सगळं पहिल्या काही मिनिटांत व्हायला हवं. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. अगरबत्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्याला अगरबत्तीचा वास येत नाही, तसंच हे. म्हणून "मघाशी येत होता, आता गेला" या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. चहाला थांबून परत गाडीत बसल्यावर पहिल्या श्वासाला जे जाणवतं, ते खरं. गाडीतल्या सगळ्यांत ड्रायव्हरची साक्ष सगळ्यांत कच्ची असते, कारण तो त्या हवेत सर्वांत जास्त वेळ मुरलेला असतो. त्यातून तो सिगारेट ओढणारा असेल, किंवा करोनानंतर ज्यांचं नाक पूर्वीसारखं राहिलं नाही अशांपैकी असेल, तर मागच्या सीटवरचं नाकच त्याचं नाक.

आमच्या घरात ते नाक आईचं. जानेवारीत आम्ही कोल्हापूरहून पुण्याला निघालो होतो. गाडी दादा चालवत होता. गुऱ्हाळांचे दिवस होते. शहर सोडून थोडं पुढे आलो असू, तोच आई म्हणाली, "गोड वास येतोय." दादा म्हणाला, "आई, गुऱ्हाळं चालू आहेत ना." त्यावर आईने जे सांगितलं ते मी कुठल्याही मॅन्युअलात वाचलेलं नाही. तिचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं, लहानपण गूळ शिजवायच्या काहिलीच्या भोवती गेलेलं. ती म्हणाली, "गुऱ्हाळाचा वास मला शिकवतोस व्हय? चुलवाण पेटल्याबिगर गूळ होतोय का कुठं? गुऱ्हाळ असतं तर चिपाडाचा धूर आला असता. ह्यात धूर नाही, नुसतंच गोड आहे. गाडी बाजूला घे बघू."

दादाने घेतली. तापमानाचा काटा जागच्या जागी होता, कुठलाही दिवा लागला नव्हता. आईच्या पायाखालची चटई उचलली तर खालचं कार्पेट ओलं. ते ओलं पाण्यासारखं नव्हतं, बोटांना चिकट लागत होतं. पुढच्या काचेवर आतून एक पातळ तेलकट झाक धरली होती, कापडाने पुसली की पसरायची. बोनेट उघडलं तर कुलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनातलं गरम कुलंट त्यातून फिरतं. तो पाझरत होता. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबलो, बाटलीत कुलंट भरलं आणि हळूहळू मागे फिरलो. गॅरेजवाल्याने हीटरचे दोन पाइप तात्पुरते एकमेकांना जोडून दिले आणि आम्ही संध्याकाळी पुण्याला पोचलो. वास तसाच अंगावर काढला असता तर पुढे कुठेतरी गाडी तापली असती. इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, हेड गास्केट, जातं ते असंच.

कुलंटमध्ये बहुतेक करून इथिलीन ग्लायकॉल असतं. त्याचा वास गोडसर आणि चवही गोड, पण ते विषारी आहे. पार्किंगमध्ये हिरवं किंवा गुलाबी थारोळं दिसलं तर भरपूर पाणी टाकून धुऊन काढा, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा ग्लायकॉलनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त वेळा दिसते: उन्हाळ्यात कुलंटऐवजी नळाचं साधं पाणी भरत राहणारी माणसं. त्याने रेडिएटरात गंज आणि क्षार धरतात हे सगळेच सांगतात. पण साध्या पाण्याला वास नसतो, त्यामुळे गळती सुरू झाली की जी सूचना आपोआप मिळायला हवी तीसुद्धा आपण स्वतःच्या हाताने बंद करतो, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, कितीही घाई असली तरी. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं.

घाटातले वास ही वेगळीच शाळा. क्लच आणि ब्रेक दोन्ही जळाल्यासारखे वास देतात आणि नव्या ड्रायव्हरला ते सारखेच वाटतात. फरक नाकापेक्षा रस्ता जास्त चांगला सांगतो. चढावर ट्रॅफिक मुंगीच्या पावलाने सरकतंय, पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवलीय आणि जाड पुठ्ठा जळल्यासारखा कडवट वास आला, तर ती क्लच प्लेट. उतारावर चरचरीत, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा करपट वास आला, तर ते ब्रेक. क्लचच्या बाबतीत चूक सवयीची असते: चढावर गाडी धरून ठेवायचं काम हँडब्रेकचं, क्लचचं नाही. एकदा वास आला म्हणून प्लेट लगेच बाद होत नाही. पण रेस वाढवल्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही असं व्हायला लागलं, की प्लेट संपत आली.

ब्रेकच्या वासाला मी कधीही दुसरी संधी देत नाही. आंबेनळीतून पोलादपूरला किंवा कुंभार्लीतून चिपळूणकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की पॅड आणि डिस्क इतके तापतात की पकड कमी व्हायला लागते. ती उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट 4 जातीचं नवं ब्रेक ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मात्र हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलची तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीचा विचार करा. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. या सगळ्याच्या आधी वास येतो. बराच आधी. म्हणजे थांबायला वेळ मिळालेला असतो.

थांबायचं ते शक्यतो सपाटीवर. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकते किंवा तडकते. अर्धा तास गेला तर जाऊ द्यावा. पुन्हा उतरताना जुन्या एसटी आणि ट्रक ड्रायव्हरांचा नियम पाळायचा: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती घाटासाठीच आहे. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाडीत बसत नाही.

सपाट रस्त्यावर, फारसा ब्रेक न मारता, एकाच चाकाजवळ तो वास येत असेल तर ब्रेक पॅड दाबून धरणारा कॅलिपर जॅम झालेला असू शकतो किंवा हँडब्रेक अर्धवट राहिलेला. चारी चाकांजवळ तळहात वीतभर लांब धरून फिरा, हात लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं लागलं की गुन्हेगार सापडला.

जळक्या ऑइलचा वास त्यामानाने सावकाश काम करतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होतं, तिथून इंजिन ऑइलचा थेंब खाली गरम एक्झॉस्टवर पडतो आणि धुरकट, कढई करपल्यासारखा वास येतो. तो पळत्या गाडीत जाणवत नाही, वारा उडवून नेतो. सिग्नलला थांबलं की येतो. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर भरताना सांडलेलं ऑइल जळत असतं, एक-दोन दिवसांत जातं. नाही गेलं तर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कुठल्या रंगाचा आहे, एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

आता ज्या वासाबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते तो. सीएनजीच्या गाडीत बसल्यावर "थोडा वास येतोच हो सीएनजीला" असं सांगणारे मला कितीतरी भेटले आहेत. तसं नसतं. धडधाकट सीएनजी गाडीला गॅसचा वास अजिबात येत नाही. मुळात नैसर्गिक वायूला वासच नाही. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन जातीच्या रसायनाचा, सडक्या कोबीसारखा. ही पद्धत रुजली त्यामागे एक मोठा घात आहे. 1937 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वासहीन गॅस साठत गेला, कुणाला कळलं नाही, आणि स्फोटात जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक शाळकरी मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला आणि पुढे जगभर ती रीत झाली. हवेत हा गॅस साधारण 5 टक्के झाला की पेट घेऊ शकतो. वासाचं प्रमाण असं ठेवतात की त्याच्या पाचव्या हिश्शालाच, म्हणजे 1 टक्क्याच्या आसपास, साध्या नाकाला तो कळावा. इतकी मुलं गेल्यावर माणसांनी ही सोय करून ठेवली, आणि आपण "येतोच हो" म्हणतो.

वास आला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, सगळ्यांनी उतरायचं, दारं आणि डिकी उघडी टाकायची. दिवे, पंखा, फोन, काही लावायचं नाही. सिलिंडरच्या तोंडाशी हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करायचा. तो कुठे आहे हे आजच, उजेडात, बघून ठेवा. पुष्कळ गाड्यांत त्याच्यापुढे सामान रचलेलं असतं. सीएनजी हवेपेक्षा हलका, त्यामुळे उघड्या जागेत लवकर वर निघून जातो. एलपीजीवर चालणारी गाडी असेल तर तो गॅस जड, पायाशी साठून राहतो, तिथे आणखी जास्त वेळ द्यायचा. दर 3 वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते ती कागदापुरती नसते, त्या टाकीत 200 बारचा दाब असतो. पेट्रोलच्या वासालाही हाच नियम. टाकी काठोकाठ भरल्यावर काही मिनिटं येणारा वास सोडला, तर केबिनमध्ये पेट्रोलचा वास म्हणजे गाडी पुढे न्यायची नाही.

वायर जळण्याचा वास प्लास्टिकचा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की तापलेल्या कनेक्टरचा किंवा इलेक्ट्रिकल भागाचा वास पुष्कळदा चक्क मासळीसारखा येतो. मालवणात किंवा रत्नागिरीत तो आला तर कोण संशय घेईल? बाजारातून आणलेल्या पिशवीवर आळ येतो. पिशवी उतरवल्यावरही वास राहिला तर फ्यूज बॉक्सकडे वळा. बाहेरच्या दुकानात मूळ वायर कापून बसवलेले लाइट, हॉर्न आणि म्युझिक सिस्टिम, उडालेल्या फ्यूजच्या जागी घातलेला जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा नुसती तार, आणि पावसाळ्यात बोनेटखाली ऊब शोधायला आलेले उंदीर, या तिघांचं हे काम. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. बॅटरीतून थिनरसारखा गोडसर, उग्र वास आला तर शोध घेत बसायचं नाही, गाडीपासून लांब जायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा.

सडक्या अंड्याचा वास पूर्वी पेट्रोल गाड्यांना अधूनमधून यायचा, कारण इंधनातच गंधक जास्त. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधन आलं आणि गंधकाची मर्यादा 50 पीपीएमवरून 10 पीपीएमवर आली. त्यामुळे आता तो वास आला तर जास्त गंभीरपणे घ्यावा. एकतर इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पिऊन ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर ढकलतंय, नाहीतर अल्टरनेटर बॅटरीला जास्त चार्ज करतोय आणि बॅटरी उकळतेय.

एसीचा कुबट वास या सगळ्यात निरुपद्रवी. कूलिंग कॉइल ओली राहते, तिच्यावर बुरशी धरते. मुक्काम यायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की कॉइल सुकते. माझी तक्रार त्यावरच्या लोकप्रिय उपायाबद्दल आहे, तो म्हणजे ब्लोअरच्या जाळीला अडकवलेलं भडक परफ्यूम. सकाळी देवाला उदबत्ती लावली, तिचा सुगंध तासाभरात विरतो, त्यात काहीच वावगं नाही. पण दिवसभर गुलाब आणि व्हॅनिला ओकणाऱ्या बाटलीखाली आईला त्या दिवशी आलेला गोड वास कुणाला कळला असता? माझ्या गाडीत असलं काही नसतं आणि भेट म्हणून आलेलं मी दुसऱ्यालाही देत नाही.

एका बाबतीत मात्र नाक पूर्ण निरुपयोगी आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा कोंदट जागी इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपलेली माणसं सकाळी मेलेली सापडतात, ती यामुळे. चालत्या गाडीत एक्झॉस्टच्या धुराचा वास येत असेल, डिकीचं रबर फाटलेलं असेल किंवा सायलेन्सरला भोक पडलं असेल, तर त्या धुराबरोबर हा गॅसही येतोय असंच धरून चालायचं. डोकं जड होणं, मळमळणं, सगळ्यांनाच एकाच वेळी पेंग येणं, ही घाटातल्या वळणांची मळमळ म्हणून सोडून देऊ नये. काचा खाली, गाडी बाजूला, सगळे बाहेर.

मी ज्यांच्याकडे गाडी नेते त्या मिस्त्रींना वासाची तक्रार घेऊन गेलं की ते आधी बोनेट उघडत नाहीत, प्रश्न विचारतात. गाडी गार असताना येतो का गरम झाल्यावर? चढाला का उताराला? थांबल्यावर वाढतो का? एसी लावला होता? परवा पाऊस लागला होता का? मग ऑइलची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिक, काढून ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटात चोळतात आणि नाकाशी नेतात. त्यात पेट्रोलचा वास आला तर इंजेक्टर किंवा पिस्टनच्या रिंगांकडे मोर्चा, जळका आला तर ऑइल कधी बदललं ते विचारतात. त्यांची एकच अट असते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी आणायची नाही, वास येत असतानाच फोन करायचा. ते स्कूटरवरून येतात आणि शेजारच्या सीटवर बसून त्याच रस्त्याने एक फेरी मारायला लावतात, काचा वर करून, गाणं बंद ठेवून.